पहिल्यांदाच प्राणी पाळताय? आधी घर पाहा, मग प्राणी

वार्षिक परीक्षा संपल्या की दवाखान्यात येणाऱ्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मुलाच्या खोकल्याचे औषध लिहून झाले, की ते हळूच विचारतात, "डॉक्टर, हा कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरून बसलाय. आणू का? काही त्रास तर होणार नाही ना?"

मी माणसांचा डॉक्टर. पिल्लाला कोणते औषध द्यावे, त्याचे खाणे काय असावे हे पशुवैद्यकांनी सांगावे आणि त्यांच्याकडूनच ऐकावे. पण घरात प्राणी आला की तो घरातल्या माणसांच्या तब्येतीशी जोडला जातो. त्याच्यामुळे आजोबांचे फिरणे सुरू झाले तर त्यांच्या साखरेचा आकडा मला दिसतो, आणि नातीच्या अंगावर गजकर्ण उठले तर तेही मलाच दिसते. म्हणून आजच्या लेखात हा विषय डॉक्टरच्या खुर्चीतून मांडतो आहे.

सुरुवातीलाच सांगतो, प्राणी पाळू नका असे माझे म्हणणे अजिबात नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला प्राण्याची सोबत लाभते, मुलांना दुसऱ्या जीवाची काळजी घेण्याची सवय लागते. माझे म्हणणे इतकेच, की आपण स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करतो, पण दहा-बारा वर्षे घरात राहणारा जीव मात्र बाजारातून येता येता पिशवीत घालून आणतो. हे उलटे आहे.

आधी घराची तपासणी

प्राणी कोणता, हा प्रश्न नंतरचा. आधी पुढच्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढा.

पहिला प्रश्न, दिवसभर घरी कोण असते? नवरा-बायको दोघे नोकरीला आणि मुले शाळेत, अशा घरात कुत्र्याचे पिल्लू आठ-नऊ तास एकटे राहते. ते रडते, चपला-गाद्या फाडते. मग शेजाऱ्यांची तक्रार येते आणि शेवटी पिल्लू रस्त्यावर येते.

दुसरा, त्याचे काम कोण करणार? मुले म्हणतात, "आम्ही सगळे करू." ती खरेच तसे म्हणत असतात, पण पंधरा दिवसांनी शू-शी काढण्याचे काम आईकडे येते, हा सर्व घरांचा अनुभव आहे. म्हणून आई मनापासून तयार असेल तरच पुढे जावे.

तिसरा, जागा किती? चाळीतली दीड खोली आणि गावाकडचा अंगणाचा वाडा यांना एकच प्राणी मानवणार नाही. घर भाड्याचे असेल तर मालकाला आधी विचारावे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. तरी जिन्यातली घाण साफ करणे हे आपलेच काम असते.

चौथा, गणपतीला किंवा लग्नकार्याला गावी जाताना त्याला कोण सांभाळणार? हा प्रश्न ऐनवेळी आठवतो, तो आजच सोडवा.

पाचवा, किती वर्षांसाठी? कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो. घरातले मांजर १५ वर्षेही जगते. आज मूल आठवीत असेल तर कुत्रा म्हातारा होईल तेव्हा ते नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले असेल. पिल्लू फुकट मिळेलही, पण लसी, जंताचे औषध, खाणे आणि आजारपण यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो.

मग माणसांची तपासणी

घरात कोण राहते, यावर कोणता प्राणी नको हे ठरते. पुढील मंडळी घरात असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्राणी आणू नये.

दम्याचे किंवा सततच्या शिंकांचे रुग्ण : प्राण्यांची ॲलर्जी केसांमुळे होते असे लोक समजतात. प्रत्यक्षात ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. त्यामुळे "कमी केसांचा कुत्रा आणला, आता त्रास नाही" हा समज खरा नाही. मांजराचा त्रास यात अधिक. मांजर घरातून गेल्यावरही त्याचे कण गाद्या-पडद्यांत कित्येक महिने राहतात. यावर सोपा उपाय असा, की ज्यांच्याकडे तसा प्राणी आहे अशा ओळखीच्या घरी तीन-चार वेळा जाऊन तासभर बसावे. डोळे खाजले, छातीत सूं-सूं झाली, तर उत्तर मिळाले.

गर्भवती स्त्रिया : मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरतो. गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. याविषयी पुढे मांजराच्या भागात लिहिले आहे.

प्रतिकारशक्ती कमी असलेले : कर्करोगाची औषधे चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉईड घेणारे किंवा एचआयव्हीबाधित. यांनी प्राणी पाळूच नये असे नाही, पण लहान पिल्ले, पक्षी आणि कासव यांपासून दूर राहावे. विष्ठा साफ करण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे.

वृद्ध : साठी-सत्तरीच्या माणसाने तरुण, ताकदीचा कुत्रा घेऊ नये. समोर मांजर दिसताच तो पट्ट्यासकट झेप घेतो आणि धरणारे आजोबा रस्त्यावर पडतात. या वयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते. पायात घुटमळणाऱ्या प्राण्याला अडखळूनही पडायला होते. वृद्धांसाठी शांत स्वभावाचा, मोठ्या वयाचा कुत्रा किंवा मांजर बरे.

पाच-सहा वर्षांखालची मुले : कुत्रा कितीही गरीब असला तरी त्याच्यापाशी लहान मुलाला एकटे सोडू नये. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीला येते, त्यामुळे लहान मुलांना चावे चेहरा, मान, डोके अशा नाजूक जागी होतात. मुलाला चार गोष्टी पाठ करून घ्या : कुत्रा जेवताना हात लावायचा नाही, झोपलेला असताना उठवायचा नाही, पिल्लांजवळ जायचे नाही, आणि अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे.

कुत्रा : सर्वांत जिव्हाळ्याचा, सर्वांत कामाचा

कुत्र्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवावे लागते. हा त्याचा तोटा म्हणा किंवा फायदा. माझे एक मधुमेही रुग्ण, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, दहा वर्षे "उद्यापासून फिरतो" म्हणत होते. मुलीने कुत्रा आणून दिला आणि त्यांचा 'उद्या' उजाडला. कुत्रा सहा वाजता दारापाशी उभा राहतो, त्याच्यापुढे सबब चालत नाही. सहा महिन्यांत त्यांचे वजन उतरले, साखर आटोक्यात आली. औषधे चालूच आहेत, पण फिरण्याचे श्रेय कुत्र्याचेच.

कोणता कुत्रा घ्यावा? माझे मत विचाराल तर पहिल्यांदा पाळणाऱ्याने गावठी कुत्र्याचा विचार आधी करावा. आपले ऊन, आपला पाऊस त्याला सोसतो. दूरदर्शनवर २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत बसक्या नाकाचा छोटा पग जातीचा कुत्रा झळकला आणि गावोगाव तसे कुत्रे आले. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. नाकच अरुंद असेल तर विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्याचे काय होत असेल, याची कल्पना करा. बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या जातींचेही तेच. हौसेपायी जीवाचे हाल करू नयेत.

पिल्लू दोन महिन्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. निवडताना दिवसाउजेडी जावे, शक्य तर आईसकट पाहावे. डोळे-नाक स्वच्छ हवे, कातडीवर चट्टे नकोत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंत असण्याचा संभव मोठा. भावंडांत जे कोपऱ्यात दडून बसते त्याची कीव येऊन ते उचलू नये, आणि जे सर्वांच्या अंगावर धावते तेही नवख्याने टाळावे. दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा मिळाला तर तो पिल्लापेक्षा सोपा. त्याचा स्वभाव समोर दिसतो आणि शू-शीची सवय बहुधा लागलेली असते.

घरात आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्यकांकडे न्यावे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फक्त गाई-म्हशी पाहतात असे नाही, कुत्री-मांजरेही तपासतात. दीड-दोन महिन्यांपासून पिल्लाच्या लसी सुरू होतात. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, नंतर पशुवैद्यक सांगतील तशी पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. लसीचे कार्ड मुलाच्या पोलिओच्या कार्डासारखे जपून ठेवावे. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत कुत्र्याच्या परवान्याची चौकशीही करावी.

जंताच्या औषधाकडे दुर्लक्ष नको. पिल्लाच्या पोटातले गोल जंत आईकडूनच येतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे पोटात जातात. त्यांच्या अळ्या क्वचित मुलाच्या डोळ्यात पोहोचून दृष्टीला अपाय करतात. पिल्लाला वेळेवर औषध, विष्ठा रोज उचलणे आणि मुलाने जेवण्याआधी साबणाने हात धुणे, एवढ्याने हे टळते.

आणखी एक गोष्ट मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या भागासाठी. बकरा कापल्यावर टाकून दिलेले काळीज, फुफ्फुस कच्चेच कुत्र्यापुढे फेकण्याची पद्धत आहे. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे वाढत राहतात. याला हायडॅटिड म्हणतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याला कदापि घालू नयेत. उरलेले खोल पुरावे किंवा जाळावे.

रेबीज : हा भाग कापून ठेवा

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी शेजारच्या खेड्यातून एका नऊ वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. दोन दिवसांपासून ताप, आणि पाण्याचा पेला जवळ आणला की घसा आवळून तो मागे सरकत होता. पंख्याचा वारा लागला तरी दचकत होता. विचारता विचारता कळले, की दोन महिन्यांपूर्वी घरात एक पिल्लू आणले होते. खेळताना त्याने हाताला दात लावले. चार दिवसांत पिल्लू मेले, परसात पुरले. "एवढेसे पिल्लू, त्यात घरचे, म्हणून काही केले नाही," असे आई म्हणाली. मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. परंतु रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जगात कुठेही खात्रीचा उपचार नाही. मूल गेले.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. हा आजार झाल्यावर बरा होत नसला तरी चावल्यानंतर लगेच उपचार घेतले तर जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो. असा आजार विरळा. म्हणून हे नियम पाठ करा.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटणे, काहीही झाले तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. नंतर आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू, तेल यांपैकी काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये, लगेच टाके घालण्याचा आग्रह धरू नये.

त्याच दिवशी दवाखान्यात जावे. नुसता स्पर्श झाला किंवा धड कातडीवर चाटले, तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस घ्यावी. रक्त आले असेल, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत सिरम टोचून घेणेही आवश्यक असते. लस घेतली पण सिरम राहिले, ही चूक मोठ्या जखमेत महाग पडते.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने अजूनही काही लोक दवाखाना टाळतात. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालाअखेर बंद झाली. आताची लस दंडात देतात. सरकारी रुग्णालयात कातडीत टोचायच्या पद्धतीने पहिल्या, म्हणजे शून्य दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी अशी ती विनामूल्य मिळते. स्नायूत घेतल्यास चौदाव्या दिवशीची एक मात्रा वाढते. मधली मात्रा चुकवू नये.

कुत्रा घरचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, पण त्या दहा दिवसांसाठी लस लांबवू नये. कुत्रा धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्यावर विसंबून घरी बसू नये. लहान पिल्लालाही रेबीज होतो आणि मांजराच्या चाव्यालाही हेच सर्व नियम लागू आहेत.

ज्या घरात कुत्रा-मांजर आहे तिथल्या मुलांना रेबीजची लस आधीच देऊन ठेवता येते. मग पुढे कधी चावा झालाच तर शून्य आणि तिसरा दिवस अशा दोनच मात्रा पुरतात, सिरम लागत नाही. लहान मुले आपल्याला चावले हे भीतीने लपवतात, म्हणून हा विचार पालकांनी जरूर करावा. आणि मुलाला एक सांगून ठेवावे : "चावले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही."

मांजर : कमी कटकट, पण काही पथ्ये

लहान घर आणि कामावर जाणारी माणसे यांना कुत्र्यापेक्षा मांजर बरे. त्याला फिरवावे लागत नाही, अंग ते स्वतः चाटून स्वच्छ ठेवते, मातीच्या ट्रेची सवय लवकर लागते.

टॉक्सोप्लाझ्माचा जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ केला तर धोका पुष्कळ कमी होतो. गर्भवतीने मात्र हे काम करू नये. हा जंतू अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही येतो, तेव्हा सारा दोष मांजरावर ढकलून सून गरोदर राहिली म्हणून जुने मांजर हाकलून देऊ नये. घरातच राहणारे आणि कच्चे मांस, उंदीर न खाणारे मांजर याबाबतीत बरेच निर्धोक.

मांजराच्या पिल्लाकडून गजकर्ण होते. घरात दोन-तीन जणांच्या अंगावर एकदम गोल चट्टे उठले तर पिल्लाच्या कानामागे केस गेलेत का पाहावे, आणि माणसांबरोबर त्याचाही उपचार करावा. ओरखड्यानंतर काखेत किंवा मानेत गाठ आली तर डॉक्टरांना मांजराबद्दल आवर्जून सांगावे.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजराला मांसातच मिळणारे काही घटक लागतात. दूध-भातावर ठेवलेल्या मांजराची दृष्टी आणि हृदय बिघडू शकते. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही. घरात मांस-मासळी चालत नसेल तर मांजर आणू नये.

पक्षी, कासव, ससा

आपल्या रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मुनिया, मैना, चांदणी कासव यांचेही तेच. बाजारात उघड विकतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. परदेशी लव्हबर्ड किंवा बजरीगर यांना ही बंदी नाही, पण ज्यांच्या घरात दम्याचा किंवा फुफ्फुसाचा रुग्ण आहे त्यांनी पिंजराच नको म्हणावे. पक्ष्यांच्या पिसांची व वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर काही माणसांच्या फुफ्फुसाला सूज येऊन ते हळूहळू आकसते. कबुतरांच्या बाबतीत हे विशेष दिसते. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हेच कारण होते. सततचा कोरडा खोकला आणि जिना चढताना दम ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना खिडकीतल्या कबुतरांविषयी जरूर सांगावे, कारण ते सहसा विचारले जात नाही आणि धूळ थांबल्याशिवाय औषधाचा पुरेसा उपयोग होत नाही.

छोटे कासव मुलांना खेळणे वाटते. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि त्यामुळे मुलांना जुलाब-ताप होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांची विक्री बंद केली गेली. लहान मूल असलेल्या घरात कासव नको. जत्रेत मिळणाऱ्या रंगवलेल्या कोंबडीच्या पिल्लांनाही हीच सूचना लागू, मुलांना त्यांचे मुके घेऊ देऊ नयेत.

ससा दिसतो मऊ, पण उचलून घेतलेले त्याला आवडत नाही. तो पाय झाडतो आणि हातातून पडून कणा मोडून घेतो. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून गवत-चारा सतत हवा. उन्हाळा त्याला सोसत नाही. मादीचा गर्भकाळ जेमतेम एक महिन्याचा, तेव्हा जोडी आणाल तर वर्षाअखेरीस पिंजरे मोजत बसाल. जरा मोठी, समजूतदार मुले असतील तर एकाच लिंगाचे ससे ठेवावेत.

मासे : नवख्याचा पहिला धडा

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर माझे उत्तर ठरलेले आहे : मासे. ॲलर्जी नाही, चावा नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. आणि माशांतही गप्पी मासे. हेच मासे आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांमध्ये सोडते. हिवताप विभागाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर बहुधा मिळतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो, त्यामुळे मुलांना निसर्गाचा धडाही मिळतो. पाणी एकदम सगळे बदलू नये, आठवड्याला थोडे बदलावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मग घालावे. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये आणि जास्त झालेले मासे नदी-तलावात सोडू नयेत, तिथल्या देशी माशांना ते त्रासदायक ठरतात.

मुलाने वर्षभर ही टाकी न सांगता सांभाळली तर पुढच्या वर्षी कुत्र्या-मांजराचा विचार करावा. नाही सांभाळली तर आपले पुष्कळ वाचले असे समजावे.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

*प्राण्याला ताप आला तर घरातली गोळी चालते का?*
मुळीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा, लसूण, द्राक्षे-मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. उरलेली आमटी-रस्सा घालताना हे लक्षात ठेवा.

*गोचिडी हातानेच चिरडल्या तर?*
नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व साबणाने हात धुवावे. गोचिडीतून माणसालाही ताप येणारे आजार होतात.

*कुत्र्याला अंथरुणात घ्यावे का?*
लस, जंत आणि गोचीड या तिन्हींचे वेळापत्रक पाळले असेल तर मोठ्यांनी आपल्या मर्जीने ठरवावे. तान्ह्या बाळाजवळ आणि आजारी माणसाजवळ मात्र घेऊ नये.

*नसबंदी करणे पाप नाही का?*
कुत्रीला दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात. ती सारी चांगल्या घरी जातील याची हमी कोण देणार? साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नसबंदी करून घ्यावी.

*नाहीच जमले तर?*
रस्त्यावर किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. घरात वाढलेल्या जीवाला अन्न शोधता येत नाही, रस्त्यावरची कुत्री त्याला फाडतात, आणि लस न मिळालेला तोच प्राणी उद्या कोणाच्या तरी मुलाला चावतो. ओळखीत घर शोधा, प्राणिमित्र संस्थेला विचारा, पशुवैद्यकांच्या दवाखान्यात चिठ्ठी लावा.

तेव्हा येत्या रविवारी पिल्लू पाहायला निघण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वरचे पाच प्रश्न वाचावेत. सगळ्यांची उत्तरे जुळली तर खुशाल आणावे. एखाद्याचेही उत्तर अडत असेल तर मुलाला एक छोटी काचेची टाकी आणून द्यावी आणि वर्षभर थांबावे. आणि घरात आधीच कुत्रे-मांजर असेल तर हा अंक खाली ठेवून त्याच्या लसीचे कार्ड काढा आणि शेवटची तारीख वाचा. वर्ष उलटले असेल तर उद्याच जा.